'सर, गेलं का?' : कॉलेजच्या ऑनलाइन चाचणीच्या कामाच्या नोंदी

तासगाव तालुक्यातलं कॉलेज. दुसऱ्या वर्षाची बीए, बीकॉम, बीएस्सी मिळून २१२ पोरं, तीन विषय, प्रत्येकी वीस प्रश्न, तीस मिनिटं, अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क. मी तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवतो, म्हणजे कॉलेजात जे काही वायरला जोडलेलं असतं ते बिघडलं की माझ्याकडं येतं. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात कुणी हेच करायला घेतलं तर माझे गेलेले दिवस त्याचे तरी वाचावेत म्हणून लिहून ठेवतोय.

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, यंदा चाचणी ऑनलाइन. गेल्या वर्षी मोफतच्या फॉर्मवर घेतली होती, त्यात वेळ लावता आली नव्हती आणि चुकून पान रिफ्रेश झालं की केलेलं सगळं कोरं, तीन पोरी रडल्या होत्या. म्हणून यंदा आपल्याच लॅबमध्ये सर्व्हर करायचा ठरवला. जुना आय-फाइव्ह डेस्कटॉप, आठ जीबी रॅम, हार्डडिस्क कुरकुरत होती म्हणून एसएसडी घेतली, १,६५० रुपये, सध्या माझ्या खिशातून. त्यावर उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आणि मूडल, म्हणजे ऑनलाइन परीक्षा घ्यायचं मोफत सॉफ्टवेअर. इंटरनेट मुद्दाम नाही, सगळं कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवर, कारण पाऊस पडला की आमची लाईन कधी जाईल ते वरुणराजालाच माहीत.

२०२० च्या ऑक्टोबरात माझा स्वतःचा एमएस्सीचा शेवटचा पेपर ऑनलाइन झाला होता. आटपाडीजवळच्या आमच्या घरी माळवदावर एका कोपऱ्यात रेंज यायची, तिथं छत्री धरून बसलो होतो. शेवटचं बटण दाबलं आणि पांढरी स्क्रीन आली, बस्स. पेपर गेला का राहिला ते निकाल लागेपर्यंत कळलं नाही. कितीतरी रात्री मी ती पांढरी स्क्रीन बघितलीय. त्यामुळं हे काम अंगावर आल्याचं वाईट वाटलं नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

प्रश्न गोळा करायला घेतले. तीन विषयांच्या सरांनी, मॅडमांनी वर्डच्या फायली दिल्या आणि त्यातल्या दोन जुन्या डीटीपीच्या फॉन्टात टाइप केलेल्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर सुंदर मराठी दिसतं, माझ्याकडं उघडलं की उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं आणि टिंबटिंब. हे फॉन्ट युनिकोड नाहीत, पोरांच्या मोबाइलवर ते दिसणारच नाहीत. कन्व्हर्टरमधून काढलं तर नव्वद टक्के बरोबर येतं, आणि उरलेल्या दहा टक्क्यात 'पुऱ्या'चं 'पुया' होतं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, क्ष कुठंतरी गायब होतो. १८० प्रश्न होते, प्रत्येक विषयाचे साठ. तीन संध्याकाळी ओळीला बोट लावून वाचले. यात घाई करू नका, कारण प्रश्नातली एक वेलांटी चुकली की पोरगं पाच मिनिटं तिथंच अडकतं आणि वर तुम्हालाच येऊन विचारतं.

२३ सप्टेंबर, सोमवार

प्रश्न एकेन फॉरमॅटमधून आत घेतले. साधी टेक्स्ट फाइल असते, प्रश्न, खाली पर्याय, शेवटी उत्तराची ओळ. पण पर्यायांची अक्षरं इंग्रजी कॅपिटल लागतात, आणि सगळ्यांनी दिलेली अ ब क ड. मी एका पोराला बदलून द्यायला सांगितलं, त्यानं 'क' च्या जागी इंग्रजी के टाकलं. चूक त्याची नाही, मी नीट सांगायला पाहिजे होतं. फाइल आत जाईना, का जाईना ते शोधण्यात दुपार गेली.

त्याहून मोठा घोळ उशिरा लक्षात आला. पर्यायांची उलटापालट चालू ठेवली होती, शेजारच्याचं बघून लिहू नये म्हणून. आणि प्रश्नांमध्ये 'वरीलपैकी सर्व', 'अ आणि ब दोन्ही' असले पर्याय ढीगभर. उलटापालट झाली की 'वरीलपैकी सर्व' पहिल्या नंबरला, त्याच्या वर काहीच नाही. असे ३४ प्रश्न निघाले. तेवढ्यांची उलटापालट एकेक करून बंद केली. मॅडम म्हणाल्या, 'अहो, कागदावर तर कधी प्रॉब्लेम आला नाही.' बरोबरच आहे, कागद हलत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

पाच पोरांना बोलावून रंगीत तालीम घेतली. दोन बीएची, दोन बीकॉमची, एक बीएस्सीचा. त्यांना एवढंच सांगितलं की परीक्षा द्या, मी मागं उभा राहणार, काही विचारलं तरी उत्तर देणार नाही. तोंड बंद ठेवणं लई अवघड गेलं. ह्या सगळ्या कामात सगळ्यात उपयोगाचा एक तास कुठला म्हणाल तर हाच.

लॉगिनलाच अकरा मिनिटं. पासवर्डला आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह असा मुळातला नियम मी तसाच ठेवला होता. एक पोरगी ॲट द रेटचं चिन्ह कीबोर्डवर शोधत बसली, तिच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा खराखुरा कीबोर्ड आला होता, इन्स्टा ती फाडफाड वापरते. नियम काढून टाकला. आता रोल नंबर आणि जन्मतारीख, बास. तीस मिनिटांच्या चाचणीला बँकेची तिजोरी कशाला?

मग एका पानावर पाच प्रश्न ठेवले होते, तर पाचव्याकडं तिघांचं लक्षच गेलं नाही, तो स्क्रीनच्या खाली लपलेला. एका पानावर एक प्रश्न केला.

आणि शेवटचं म्हणजे शब्द. सगळीकडं मराठी दिसावं म्हणून बटणांचं भाषांतर मी स्वतः केलं होतं, डिक्शनरी मांडीवर घेऊन. पेपर संपवायच्या बटणावर लिहिलं होतं 'प्रयत्न संपवा'. बीकॉमचा एकजण ते वाचून थांबला, मागं वळून म्हणाला, 'सर, हार मानायची का?' उत्तर द्यायचं नाही असं ठरलेलं, पण हसू आवरलं नाही.

ते बटण दाबलं की लगेच पेपर जात नाही, आधी सगळ्या प्रश्नांची यादी येते, कुठलं उत्तर जतन झालंय कुठलं राहिलंय, मग खाली अजून एक बटण, मग 'नक्की का' विचारणारी चौकट. तीन टप्पे. पाचातल्या दोघांनी यादी बघितली, पेपर गेला समजले आणि उठून चालायला लागले.

संध्याकाळी बसून सगळे शब्द बदलले, ॲडमिनमध्ये भाषा बदलायची सोय आहे, कोडला हात लावावा लागत नाही. 'पुढील पान' चं 'जतन करा आणि पुढे' केलं. 'प्रयत्न संपवा' चं 'उत्तरं तपासा, पेपर अजून संपलेला नाही'. यादीखालच्या बटणावर 'पेपर देऊन टाका'. लांबलचक आहेत, बटणं फुगली, दिसायला बेंगरूळ. असू देत.

१ ऑक्टोबर, मंगळवार

पहिली खरी चाचणी. फज्जा.

अकरा वाजता चालू व्हायला पाहिजे. अकरा वाजून पाच मिनिटांनी सगळ्या स्क्रीनवर 'ही परीक्षा सध्या उपलब्ध नाही, सुरू होण्याची वेळ सकाळी ११:००'. भिंतीवरचं घड्याळ बघतोय, स्क्रीन बघतोय, पोरं माझ्याकडं बघतायत. मी सर्व्हर रीस्टार्ट केला. परत तेच. मग ब्राउझर, मग राउटर. शेवटी साडेअकराला डोक्यात उजेड पडला की सर्व्हरची वेळ मी यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर सोडली होती. आपण साडेपाच तास पुढं, म्हणजे त्याचे अकरा आपल्या दुपारी साडेचारला वाजणार. टाइमझोन आशिया/कोलकाता केला, तर आता स्क्रीनवर 'सुरू होण्याची वेळ दुपारी ४:३०' यायला लागलं आणि मला परत घाम. कारण आधी भरलेली वेळ आत त्याच जुन्या हिशोबानं साठलेली असते, प्रत्येक परीक्षेत जाऊन परत अकरा टाकायला लागतात. तालमीत हे कळलं नाही कारण तेव्हा सुरू व्हायची वेळ लावलीच नव्हती. तालीम घ्यायची तर खऱ्यासारखी सगळी सेटिंग लावून घ्या, हा धडा ४० मिनिटांना पडला. सावळजच्या पोरांची बाराची एसटी चुकली ते वेगळंच.

आणि तेवढ्यावर भागलं नाही. लॅबमध्ये चालू मशीन २६, बाकीची ४५ पोरं शेजारच्या हॉलमध्ये मोबाइलवर, वायफायनं. त्यातल्या वीसेक जणांचा मोबाइल वायफायला जोडलाच जाईना, 'आयपी ॲड्रेस मिळवत आहे' (म्हणजे नेटवर्कवरचा स्वतःचा नंबर) म्हणून गोल फिरतंय. मी म्हटलं राउटर घरगुती आहे, एवढे मोबाइल त्याला झेपत नसतील. उरलेल्यांची चाचणी रद्द.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. सांगलीला जाऊन एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय लांबपर्यंत पोचवणारा डबा) आणला, २,८५० रुपये. हॉलच्या खिडकीपर्यंत केबल ओढली, केबल आणि कनेक्टर ७२०. लॅबचे मामा शिडीवर, मी खाली शिडी धरून. जोडलं, मोबाइल लावून बघितले, पन्नासच्या आसपास गेले आणि परत तेच गोल फिरणं.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये गेलो, जे मंगळवारीच करायला पाहिजे होतं. आयपी वाटायची मर्यादा फक्त ५०, शंभर ते एकशे एकोणपन्नास. २६ लॅबच्या मशीनांनी खाल्ले, उरले २४, हॉलमध्ये पोरं ४५. साधी वजाबाकी. शिवाय एकदा दिलेला आयपी २४ तास त्याच मोबाइलच्या नावावर राहणार होता, म्हणजे सकाळची पोरं घरी जाऊन जेवली तरी दुपारच्यांना जागा नाही. मर्यादा २०० केली, मुदत एक तास केली. फुकटचं काम होतं. २,८५० चा ॲक्सेस पॉइंट हॉलच्या मागच्या बाकांना रेंज देतो एवढंच समाधान, मिसेसना ही रक्कम सांगितलेली नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला विषय परत घेतला. आयपी सगळ्यांना मिळाले. तर आता नवीनच, मोबाइलला वायफाय जोडलं की तो बघतो की इंटरनेट नाही, आणि पोरांच्या नकळत परत मोबाइल डेटावर उडी मारतो. मग आमचा सर्व्हर सापडत नाही, पान कोरं. काही मोबाइलवर 'इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवायचं का' अशी चिठ्ठी येते, पोरं घाईत 'नाही' दाबतात. हॉलच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आधी विमानाचं चित्र दाबा, मग वायफाय चालू करा. फोन पण येत नाहीत, हा वरचा फायदा. ह्यानंतर असा एकही मोबाइल निसटला नाही.

मोबाइलवर अजून एक गोष्ट बघितली. आमच्याकडं सध्या द्राक्षाच्या छाटण्या चालू आहेत, बऱ्याच पोरी सकाळी काडीला पेस्ट लावायला जाऊन मग कॉलेजला येतात. हातमोजे असले तरी बोटं खरखरीत होतात, अंगठा लावून मोबाइल उघडत नाही, पॅटर्न काढायला लागतो. आणि पर्यायाचं गोल म्हणजे मुगाएवढं, एकावर बोट ठेवलं तर खालचं दाबलं जातंय. मी कॉम्प्युटरवर माउसनं बघून 'मस्त दिसतंय' म्हणालो होतो. घरी येऊन दोन पर्यायांमधलं अंतर दुप्पट केलं, गोल मोठं केलं. उत्तर निवडल्यावर खाली 'माझी निवड पुसा' अशी ओळ येते, ती दोघी-तिघींनी 'पुढे' समजून दाबली होती. चुकीच्या उत्तराला मार्क कापायचे नाहीत, मग पुसायची गरजच काय, ती लपवून टाकली.

७ ऑक्टोबर, सोमवार

दुसरा विषय. एका वाजता लाईट गेली. सर्व्हर यूपीएसवर होता, कालपर्यंत त्याची बॅटरी मेलेली, नवीन टाकलेली १,१५० ला, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आणि राउटर? तो भिंतीतल्या साध्या पिनवर. सर्व्हर जिवंत, वाट बंद. लॅबची मशीन तर सगळीच बंद. आणि वेळ सर्व्हरवर मोजली जाते, ती चालूच.

अकरा मिनिटांनी लाईट आली. पोरांनी परत लॉगिन केलं, आणि इथं पहिल्यांदा ह्या कामाचं सार्थक वाटलं, कारण प्रत्येकाची आधीची उत्तरं जिथल्या तिथं होती. एका पानावर एक प्रश्न असल्यामुळं पुढं गेलं की मागचं साठतंच, आणि पानावर थांबलं तरी साधारण मिनिटाभरानं आपोआप साठतं. त्या गटाला बारा मिनिटं वाढवून दिली. ही वाढ गटाला एकदम देता येते, पण त्यासाठी गट आधीच पाडून ठेवायला लागतात, मी पाडले नव्हते, सगळ्या पोरांची एकेक करून वाढवली, तोपर्यंत पोरं टेबल वाजवत बसलेली. राउटर आता यूपीएसवर आहे.

रात्री मॅडमचा फोन. 'अहो, नऊ पोरांचं अजून चालू आहे असं दाखवतंय.' मोबाइलची बॅटरी संपलेली, शेवटचं बटण न दाबता उठलेली पोरं ही. वेळ संपली की पेपर आपोआप जमा व्हावा अशी सेटिंग मी लावली होती, पण ब्राउझरच बंद असेल तर ते काम सर्व्हरवरचा क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं उरकणारा प्रोग्राम, करतो आणि क्रॉन मी बसवलाच नव्हता. क्रॉनटॅबमध्ये एक ओळ, दर मिनिटाला. पाच मिनिटात नऊच्या नऊ जमा. मार्क कुणाचे गेले नाहीत, माझी झोप गेली.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बीएची एक विद्यार्थिनी, दृष्टी खूप कमी. नियमानं तिला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे आमच्या तीस मिनिटांना दहा. ते तिच्या नावावर लावलं होतं, ते व्यवस्थित झालं. पण बाकीचं मी विचारातच घेतलं नव्हतं. तिनं अक्षर मोठं केलं की प्रश्नांच्या नंबरांची चौकट आणि घड्याळ दोन्ही पानाच्या तळाशी जातात, तिला किती वेळ राहिला ते कळेना. म्हणाली, 'सर, कागदावर निदान कुणीतरी हाक मारून सांगायचं, दहा मिनिटं राहिली.' भूगोलाच्या दोन प्रश्नांत नकाशाचं नुसतं चित्र, स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकला वाचायला त्यात काहीच नाही. ते दोन प्रश्न तिच्यासाठी मॅडमनी तोंडी विचारले. नकाशाखाली वर्णन लिहिणं दहा मिनिटांचं काम होतं, प्रश्न घेतानाच करायला पाहिजे होतं. वेळेसाठी तंत्रज्ञान काही सापडलं नाही, आता प्रत्येक हॉलमध्ये मामा दहा मिनिटं आणि पाच मिनिटं राहिली की मोठ्यानं ओरडतात. सगळ्यांनाच बरं पडतंय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्याला मामांनी सर्व्हरची पूजा केली, झेंडूचा हार घातला. आज सकाळी सर्व्हर हेलिकॉप्टरसारखा आवाज करायला लागला. पंख्यात पाकळ्या. ब्रशनं काढल्या. पुढच्या वर्षी फक्त हळदकुंकू.

१६ ऑक्टोबर, बुधवार

तिसरा विषय, अगदी शांततेत. एक राहिलेली गोष्ट म्हणजे बीएस्सीची जी पोरं बारावीनंतर सीईटी देऊन आलीत त्यांचं वागणं. त्या छापाच्या परीक्षेत उत्तर निवडून 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबलं तरच साठतं, नुसतं नंबरावर टिचकी मारून दुसऱ्या प्रश्नावर गेलं तर गेलं उत्तर, तसं सूचनेतच लिहिलेलं असतं. ती भीती त्यांच्यात मुरलेली. आपल्याकडं नंबरावरून उडी मारली तरी साठतं, पण पोरं मानायलाच तयार नाहीत, परत मागं येऊन बघतात, उत्तर आहे का, मग परत पुढं. एकानं वीस प्रश्नांसाठी ५१ पानं उलटली होती, लॉगमध्ये दिसतं. उत्तरं त्याला येत होती, वेळ सगळा पहारा द्यायला गेला. नंबराच्या चौकटीखाली आता एक ओळ टाकलीय, 'कुठूनही कुठं गेलात तरी उत्तर राहतं'.

स्टाफ मीटिंगमध्ये कॅमेरा लावून नजर ठेवायची सूचना आली, सेफ एक्झाम ब्राउझरचीही आली, म्हणजे परीक्षा चालू असताना दुसरं काही उघडू न देणारा ब्राउझर. मी सांगितलं, तो ब्राउझर अँड्रॉइडवर चालत नाही, आणि आमच्या हॉलमधले सगळे मोबाइल अँड्रॉइडच. कॅमेऱ्याचं मी बोललोच नाही, नुसता बसून राहिलो, विषय चहाबरोबर निघून गेला. वीस मार्कांसाठी पोरांच्या तोंडावर कॅमेरा रोखायचा असेल तर मी तो बसवणार नाही, एवढं माझ्यापुरतं ठरलंय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

राहिलेल्या सात जणांची चाचणी. खर्च मांडून ऑफिसला दिला: १,६५०, २,८५०, ७२०, १,१५०, एकूण ६,३७०. क्लार्कनं लगेच हिशोब केला, २१२ पोरं, तीन पेपर, चार पानं, रुपयाला एक झेरॉक्स, २,५४४ मध्ये काम झालं असतं. खरं आहे. वर माझे जवळजवळ पाच आठवड्यांचे संध्याकाळचे दोन-तीन तास, ते त्यानं मोजले नाहीत आणि मी पण सांगितले नाहीत. बिल मंजुरीला गेलंय.

पेपर जमा झाल्यावर येणारं पान आज बदललं. आधी तिथं नुसता तक्ता यायचा, मार्क विषयाच्या सरांनी नंतर द्यायचे म्हणून तो रिकामाच दिसायचा. आता वर मोठ्या अक्षरात येतं, 'तुमचा पेपर जमा झाला', खाली जमा झाल्याची वेळ.

सातातली शेवटची, मणेराजुरीची पोरगी. पेपर दिला, ते पान आलं, तिनं वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, 'सर, गेलं का?'

म्हटलं, काय लिहिलंय तिथं?

'जमा झाला लिहिलंय. पण गेलं का?'

तिला सर्व्हरवर माझ्या स्क्रीनवर तिचं नाव दाखवलं, शेजारी वेळ, एक वाजून बावीस मिनिटं. तिनं त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि गेली. फेब्रुवारीतल्या चाचणीला हॉलच्या दाराशी एक जुना मॉनिटर लावायचा, ज्यांचे पेपर जमा झाले त्यांचे रोल नंबर त्यावर दिसत राहतील. स्टोअरमध्ये एक पंधरा इंची पडलाय, चालतो का ते सोमवारी बघतो.